फंक्शन किती ओळींचं असावं, आणि त्यावरून प्रोग्रामर का भांडतात?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय एका श्रोतीच्या मेसेजवरून सुचला. पुण्यात पहिली नोकरी, सहा-सात महिने झालेत. तिनं एक ऐंशी ओळींचं फंक्शन लिहिलं. एका सीनियरनं कोड रिव्ह्यूमध्ये लिहिलं, "फार मोठं आहे, तोड." तिनं तोडून नऊ फंक्शन्स केली. मग तो सीनियर रजेवर गेला आणि दुसऱ्याकडे रिव्ह्यू आला. त्यानं लिहिलं, "एवढे तुकडे कशाला? वाचताना नऊ ठिकाणी उड्या माराव्या लागतात. एकत्र कर." तिचा प्रश्न असा: "दादा, या दोघांपैकी नक्की कोणाला काही येत नाही?"

प्रश्न वाचून मी हसलो. पण मेसेजच्या शेवटी तिनं लिहिलं होतं की आपल्याला हे काम जमणारच नाही असं वाटायला लागलंय. त्या ओळीमुळे हा भाग करतोय. समोरच्याचं मत आणि सर्वमान्य नियम यांतला फरक नवीन पोरांना कोणी सांगतच नाही. मग दोन मतं आपटली की मधे उभं असलेलं पोर स्वतःलाच ढ समजतं.

तर पहिली गोष्ट. तिचे दोन सीनियर ज्या मुद्द्यावर भांडले, त्याच मुद्द्यावर जगातली दोन मोठी नावं भांडली आहेत. एक रॉबर्ट मार्टिन, ज्यांना सगळे 'अंकल बॉब' म्हणतात. त्यांचं २००८ सालचं 'क्लीन कोड' हे पुस्तक तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या फोनमध्ये पीडीएफ म्हणून पडलेलं असेल (वाचलेलं असेल असं मी म्हणत नाही). त्यांच्या मते फंक्शन छोटं हवं, अगदी छोटं. दोन-चार ओळींचं असलं तर फारच उत्तम. दुसरे जॉन ऑस्टरहाउट. स्टॅनफर्डचे प्राध्यापक, टीसीएल या भाषेचे जनक. त्यांचं 'अ फिलॉसॉफी ऑफ सॉफ्टवेअर डिझाइन' २०१८ साली आलं. त्यांचं म्हणणं जवळजवळ उलटं. लांबी हा मुद्दाच नाही. मॉड्यूल 'खोल' हवं: बाहेरून दिसणारा भाग लहान, आत काम भरपूर.

ते उदाहरण देतात युनिक्समधल्या फाइलींचं. ओपन, रीड, राइट, एलसीक, क्लोज. वापरणाऱ्याला एवढे पाच कॉल पुरतात. त्यांच्या मागे डिस्कवर जागा कशी शोधायची, परवानग्या कशा तपासायच्या, कॅशमध्ये काय ठेवायचं, असा हजारो ओळींचा संसार आहे. गेल्या काही दशकांत तो संसार कितीदा तरी बदलला, पण ते पाच कॉल तसेच आहेत. उलट छोटे छोटे क्लास करायची सवय लागली की एका साध्या कामासाठी तीन-तीन वस्तू जोडत बसावं लागतं. या सवयीला त्यांनी 'क्लासायटिस' असं नावच ठेवलंय, अपेंडिसायटिससारखं!

२०२४-२५ मध्ये या दोघांनी एकमेकांशी लेखी चर्चा केली. फंक्शनची लांबी, कॉमेंट्स, टेस्ट आधी की कोड आधी, असे विषय. 'क्लीन कोड'मधला मूळ संख्या शोधणारा एक छोटा प्रोग्राम समोर ठेवून त्यावर बराच खल केला. ऑस्टरहाउटांचं म्हणणं, यातली फंक्शन्स एकमेकांत इतकी गुंतलीत की एक समजायला दुसरं उघडावंच लागतं, मग तोडून काय मिळालं? मार्टिन तोडण्याच्या बाजूनं. काही ठिकाणी दोघं जवळ आले, पण मुळात कोणी बाजू बदलली नाही. दोघंही कित्येक दशकं कोड लिहितायत. तेव्हा 'कोणाला तरी येत नाही' हे उत्तर इथे चालणार नाही.

मग भांडण येतं कुठून?

जरा वेळ कॉम्प्युटर बाजूला ठेवा. कोकणातलं जुनं घर आठवा: उतरतं कौलारू छप्पर. आणि सोलापूर, मराठवाड्याकडचं जुनं घर: वर सपाट मातीचं माळवद, उन्हाळ्यात रात्री तिथेच अंथरूण टाकायचं, दिवसा मिरच्या वाळत घालायच्या. आता रत्नागिरीचा गवंडी आणि बार्शीचा गवंडी समोरासमोर बसवा आणि विचारा, छप्पर कसं असावं? रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, बार्शीत त्याचा जेमतेम पाव हिस्सा. दोघांचंही बरोबर आहे. पण प्रश्नातून पाऊस काढून टाकला की नुसतं भांडण उरतं.

आपल्या धंद्यात नेमकं हेच होतं. नियम प्रवास करतो, पाऊस मागे राहतो.

मार्टिन अनेक वर्षं सल्लागार होते. सल्लागाराला कोण बोलावतं? ज्याच्या घरात आग लागलीय तो. अशा ठिकाणी हजार-हजार ओळींची फंक्शन्स सापडतात, ज्यांना हात लावायला कोणी धजावत नाही. वर्षानुवर्षं हेच पाहिलेला माणूस 'लहान करा, अजून लहान करा' म्हणणारच. ऑस्टरहाउट ऑपरेटिंग सिस्टिम, फाइल सिस्टिम अशा गोष्टी बांधत आले, आणि वर्गात विद्यार्थ्यांचा कोड तपासत आले. विद्यार्थी काय करतात? 'छोटं ते चांगलं' एवढंच ऐकून सगळ्याचा चिवडा करतात. तो चिवडा रोज पाहणारा माणूस वेगळं सांगणार. हा माझा अंदाज आहे, त्या दोघांनी असं काही कबूल केलेलं नाही. पण दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. प्रोग्रामरचा प्रत्येक ठाम नियम उघडून बघा, आत कुठेतरी पोळलेलं तोंड सापडतं.

याहून मजेदार प्रकार २०१४ साली झाला. टीडीडी म्हणजे आधी टेस्ट लिहायची, ती फेल होताना बघायची, मग ती पास होईल एवढाच कोड लिहायचा. ही पद्धत गाजवली केंट बेक यांनी. त्यांचं प्रसिद्ध काम क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगाराच्या सॉफ्टवेअरवरचं. आता पगार म्हणजे काय? इतके तास, इतका दर, इतका ओव्हरटाइम, इतकी कपात, हातात अमुक रक्कम. आत काय जातं आणि बाहेर काय यायला हवं हे स्वच्छ माहीत. टेस्ट लिहायला याहून सोयीचं काही सापडणार नाही. (तो प्रकल्प २००० साली कंपनीनं बंद केला, हे टीकाकार आवर्जून सांगतात. पद्धत मात्र जगभर गेली.)

दुसऱ्या बाजूला डेव्हिड हाइनमायर हॅन्सन, म्हणजे डीएचएच, रुबी ऑन रेल्सचे जनक. २०१४ साली त्यांनी जाहीर केलं की टीडीडी मेलं. त्यांचा त्रास वेगळा होता. रेल्समधलं ॲप म्हणजे मुख्यतः डेटाबेसशी बोलणं. पण टेस्ट झटपट चालाव्यात म्हणून लोक डेटाबेसला हात न लावता टेस्ट करायला बघायचे, आणि त्यासाठी मधे थरावर थर घालायचे. खोटा डेटाबेस, खोटी सेवा, आपल्या भाषेत मॉक. टेस्टच्या सोयीसाठी चांगला सरळ कोड वाकडा करून ठेवायचा, हे त्यांना सहन होत नव्हतं.

मग मार्टिन फाउलर यांनी बेक आणि डीएचएच या दोघांबरोबर गप्पांची मालिकाच केली. लोक फटाके फुटायची वाट बघत होते. आणि काय निघालं? केंट बेक म्हणाले, मी स्वतः मॉक जवळजवळ वापरतच नाही!

थांबा, हे नीट बघा. ज्या गोष्टीवर डीएचएच चिडले होते, ती टीडीडीचे गुरू स्वतःच करत नव्हते. मधल्या दहा-बारा वर्षांत पद्धत एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून कॉन्फरन्समध्ये, तिथून कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये गेली आणि जाताना तिला मॉक चिकटले. शब्द एकच राहिला, वस्तू बदलली. निम्मी भांडणं या जातीची असतात. 'युनिट टेस्ट'मधलं युनिट म्हणजे एक फंक्शन, एक क्लास की एक फीचर? तुमच्या टीममधल्या चार जणांना वेगवेगळं विचारा, गंमत येईल.

'टेक्निकल डेट'चंही तेच झालं. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ साली हा शब्द वापरला तेव्हा ते आर्थिक गुंतवणुकीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते, म्हणून कर्जाची उपमा. आज जेवढं समजलंय तेवढ्यावर पुढे जा, उद्या जास्त समजलं की कोड त्या समजेप्रमाणे सुधारा, म्हणजे कर्ज फेडा, असं त्यांना म्हणायचं होतं. मुद्दाम गचाळ कोड लिहायची परवानगी त्यांनी कोणाला दिली नव्हती. आज मात्र कुठलीही घाण दिसली की आपण 'टेक डेट आहे' म्हणतो आणि पुढे जातो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं भांडण्यापेक्षा एकदा मोजून का टाकत नाहीत? मोजलंय. २००८ साली मायक्रोसॉफ्टच्या तीन आणि आयबीएमच्या एका टीमचा अभ्यास आला. टीडीडी वापरलेल्या ठिकाणी रिलीजआधी सापडणाऱ्या दोषांचं प्रमाण ४० ते ९० टक्क्यांनी कमी, आणि सुरुवातीच्या कामाला १५ ते ३५ टक्के जास्त वेळ, असा मॅनेजरांचा अंदाज. वाटलं, मिटला वाद. मग पुढे २०१६-१७ च्या सुमारास संशोधकांनी पद्धत सुटी करून पाहिली: फायदा नक्की कशाचा? तेव्हा दिसलं की टेस्ट आधी लिहिली की नंतर, यानं फारसा फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो छोट्या छोट्या, एकसारख्या पावलांनी काम करण्यानं. म्हणजे एका गटाला वाटत होतं आपण टेस्टमुळे जिंकलो, आणि कदाचित जिंकवत होतं पावलांचं माप.

शिवाय डिझाइन मोजणं मुळातच अवघड. तेच सॉफ्टवेअर तीच माणसं दोन वेगळ्या पद्धतींनी दोनदा बांधतील आणि मग पाच वर्षं दोन्ही सांभाळतील, एवढा पैसा कोणाकडे आहे? डिझाइनचं बिल फार उशिरा येतं आणि बऱ्याचदा दुसऱ्याच्याच नावावर येतं. हिंजवडीतल्या सर्व्हिस कंपनीतली गोष्ट घ्या. दीड-दोन वर्षं एका क्लायंटच्या प्रोजेक्टवर, मग बदली, किंवा नोकरीच बदलली, पगार वाढला, पेढे वाटले. तुम्ही लिहिलेल्या कोडचं पुढे काय झालं हे तुम्हाला कळतच नाही. दहा वर्षांचा अनुभव म्हणणाऱ्या कितीतरी लोकांनी स्वतःच्या कोडचा तिसरा वाढदिवस पाहिलेला नसतो. मग आपला नियम बरोबर होता की चूक हे त्यांना कळणार तरी कसं? यात त्यांना दोष देण्यासारखं काही नाही, कामाची रचनाच तशी आहे. पण त्यांच्या ठामपणाचं वजन करताना हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आणि नियमातला पाऊस हरवला की नुसता कोड रिव्ह्यू लांबतो असं नाही बरं का. ४ जून १९९६. युरोपचं एरियान ५ हे नवं रॉकेट पहिल्यांदाच उडालं आणि साधारण ४० सेकंदांत फुटलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला कोड आधीच्या एरियान ४ वरून घेतलेला. चाललेला कोड पुन्हा वापरा, नव्यानं लिहू नका, हा तर आपला आवडता नियम. त्या कोडमध्ये ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांत कोंबला जात होता. एरियान ४ च्या वेगात तो आकडा तेवढ्यात मावायचा, म्हणून तिथे संरक्षण घातलं नव्हतं, आणि तेही विचार करूनच. एरियान ५ चा आडवा वेग जास्त होता, आकडा मावला नाही. पर्यायी यंत्रणा होती, पण तिच्यातही तोच कोड, त्यामुळे तीही त्याच कारणानं बंद पडली. सगळ्यात चटका लावणारी गोष्ट म्हणजे गणिताचा तो भाग उड्डाणानंतर एरियान ५ ला लागतच नव्हता. कोड तोच होता. कोकणातला पाऊस बार्शीच्या माळवदावर पडला, एवढंच.

आता परत त्या दोन सीनियरांकडे येऊ. मी त्या श्रोतीला उलट विचारलं, हे दोघं दिवसभर करतात काय? तिनं चौकशी करून सांगितलं. पहिले सर प्रॉडक्शन सपोर्ट बघतात. रात्री दोनला फोन त्यांना येतो. झोपेतून उठून लॉगमध्ये बघताना, नऊपैकी कुठल्या नावाच्या तुकड्यात काम अडकलं हे लगेच दिसलं, तर ते अडीचला परत झोपू शकतात. दुसरे सर चार वर्षं त्याच मॉड्यूलवर आहेत. सगळा प्रवाह त्यांच्या डोक्यात आहे. त्यांना तो वरून खाली एका नजरेत बघायचा असतो, तुकडे त्यांना नुसते आडवे येतात.

डेन्मार्कचे पीटर नाउर यांनी १९८५ साली एक फार सुंदर गोष्ट मांडली. प्रोग्राम म्हणजे नुसता कोड नव्हे. हे सगळं असं का आहे याची जी समज बांधणाऱ्यांच्या डोक्यात असते, ती खरी वस्तू. मला हे पटतं. आणि ते मानलं की 'वाचायला सोपा कोड' हे वाक्य अर्धवट वाटायला लागतं. कोणाला सोपा? कधी? जागेपणी की रात्री दोनला? तिच्या दोन्ही सीनियरांनी "वाचायला सोपं हवं" हेच सांगितलं होतं, फक्त वाचणारा कोण हे दोघांनीही सांगितलं नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, पण मग त्यानं बोलायला नको का?

इथे एक गडबड होऊ शकते. माझं ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे सगळंच ज्याच्या त्याच्या मतावर. अजिबात नाही! युझरनं टाइप केलेला मजकूर तसाच उचलून एसक्यूएलला जोडायचा नाही, यात मत नाही. पासवर्ड उघडे साठवायचे नाहीत, यात मत नाही. पैशाचा हिशेब फ्लोटमध्ये केला की ०.१ आणि ०.२ ची बेरीज बरोबर ०.३ येत नाही, आणि एखाद्या पतसंस्थेच्या ताळेबंदात ते पैसे शोधत बसणाऱ्या क्लार्कला तुमच्या स्वातंत्र्याचं काही कौतुक नसतं. अशा जागी सीनियर रागावला तर ऐकून घ्या.

उलट टोकाला काही वाद इतके फुटकळ आहेत की त्यांवर एक मिनिटही घालवू नये. टॅब की स्पेस, कंस कुठल्या ओळीवर. गो भाषेनं सोबत गोफमट नावाचं टूलच दिलं, जे सगळ्यांचा कोड एकाच साच्यात बसवतं. ते रूप कोणाचंच आवडतं नाही आणि भांडण संपलं. तुमच्याही टीममध्ये असं एखादं टूल लावा आणि वाचलेल्या वेळात चहा प्या.

या दोन्हींच्या मधला जो मोठा पट्टा आहे, तिथे मी स्वतः रिव्ह्यूमध्ये एक गोष्ट करतो. नुसतं "का?" विचारलं तर समोरच्याला वाटतं पोरगं उद्धट आहे. त्याऐवजी विचारायचं, "सर, असं न केल्यामुळे आधी कुठे त्रास झाला होता का?" बघा, माणूस खुलतो. एकदम सांगायला लागतो, २०१९ च्या दिवाळीत काय झालं होतं, क्लायंट कसा चिडला होता, तीन रात्री कोण जागलं होतं. ती गोष्ट ऐकली की आपल्या कोडला तोच पाऊस लागतो का हे तुम्हाला स्वतःला ठरवता येतं. आणि कधी कधी गोष्टच निघत नाही. "तसंच करतात" एवढंच उत्तर येतं. तेही कामाचं उत्तर आहे.

मग ठरलेलं लिहून ठेवा. प्रोजेक्टमध्येच एक साधी फाइल: तारीख, काय ठरलं, कशामुळे ठरलं. चार ओळी पुरतात. दोन वर्षांनी तुम्ही तिथे नसाल, पण तुमचा नियम वाचणाऱ्या पोराला त्याचं कारणही सोबत मिळेल.

त्या श्रोतीनं दोघा सरांना एका कॉलवर घेतलं. वीस मिनिटं बोलणं झालं. शेवटी नऊची चार फंक्शन्स झाली, आणि लॉगमध्ये टप्प्यांची नावं वेगळी टाकायची असं ठरलं. दोघंही थोडे थोडे नाराज आहेत म्हणे. कोड मर्ज झाला.

तुमच्या टीममध्ये असा एखादा नियम असेल ज्याचं कारण आता कोणालाच आठवत नाही, तर व्हॉइस नोट पाठवा, एक मिनिटाच्या आतली. निवडक पुढच्या भागात ऐकवेन. कंपनीचं नाव मात्र घेऊ नका, तुमची नोकरी वाचवणं माझ्या हातात नाही. चला, भेटू.